सैंधव, कोकम आणि शोधशब्द

शब्द आणि तात्पर्य यांतील अंतर दाखवण्यासाठी शास्त्रग्रंथांत ‘सैंधव’ या शब्दाचा दाखला परंपरेने दिला जातो. संस्कृतात सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. त्यामुळे ‘सैंधव आण’ असे जेवणाच्या पानावरून सांगितले तर मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना सांगितले तर घोडा, हा निर्णय शब्दावरून होत नाही, प्रसंगावरून होतो. बोलणाऱ्याला जे सांगायचे असते त्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ‘तात्पर्य’ म्हणतात आणि वाक्यार्थ कळण्यासाठी त्याचे ज्ञान आवश्यक मानतात. शोधयंत्राच्या चौकटीत शब्द तेवढा पोहोचतो. जेवणाचे पान मागेच राहते.

लोक कोणत्या शब्दांनी शोध घेतात हे पाहून त्यानुसार आपल्या संकेतस्थळाचा मजकूर ठरवणे, याला व्यवहारात ‘कीवर्ड रिसर्च’ म्हणतात. कोकणातील एखाद्या घरगुती उत्पादकाने हे काम हाती घेतले, तर ‘कोकम’ हा त्याचा सैंधव ठरतो. हा शब्द लिहिणाऱ्या एकाला आमटीत घालायची आमसुले हवी असतात, दुसऱ्याला साखरेच्या पाकातले अमृत कोकम, तिसऱ्याला सोलकढीसाठी मीठ घालून टिकवलेला रस, म्हणजे आगळ, आणि चौथ्याला टाचांच्या भेगांवर लावायचे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजे मुठेल. त्यात फळाला कुणी रातांबा म्हणतो, कुणी भिरंड, आणि बरेच जण मराठी शब्दही रोमन लिपीत लिहितात.

मासिक वर्गणीची साधने अशा प्रत्येक शब्दापुढे शोधसंख्येचा अंदाज मांडतात, शिवाय स्पर्धकांची पाने कोणत्या शब्दांवर वर येतात तेही दाखवतात. ही सोय कमी लेखण्याजोगी नाही. ज्याला ती परवडत नाही त्याच्यापुढे गुगलची मोफत साधने उरतात. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ‘कीवर्ड प्लॅनर’ नेमका आकडा न देता ‘100 ते 1 हजार’ असा ढोबळ पट्टा देतो. 2006 साली सुरू झालेले ‘ट्रेंड्स’ निरपेक्ष संख्या न सांगता 0 ते 100 या मापावर केवळ तुलनात्मक चढउतार दाखवते. आणि ‘सर्च कन्सोल’ आपल्याच संकेतस्थळापर्यंत लोकांना आणणारे शब्द दाखवते, तेही मागील 16 महिन्यांचेच. उरतात त्या शोधाच्या चौकटीखाली उमटणाऱ्या सूचना. ‘कोकम आगळ’ लिहून पुढे एकेक अक्षर टाकत गेल्यास लोकांनी विचारलेल्या प्रश्नांचे तुकडे हाती येऊ लागतात, आणि ते वहीत उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र पुष्कळ लागतो.

संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी 2002 साली शोधांमागील हेतूंचे तीन प्रकार केले: माहिती मिळवणे, विशिष्ट स्थळी पोहोचणे आणि एखादा व्यवहार करणे. हे वर्गीकरण तात्पर्याच्या जवळ जाते खरे. पण प्रकार ओळखायला अखेर शोधाचे निकाल उघडून वाचावेच लागतात. पहिल्या पानावर पाककृतीच आल्या, तर विचारणारा स्वयंपाकघरात उभा असावा, असे अनुमान निघते. आकडा किती जणांनी विचारले ते सांगतो. का विचारले याचा शोध आकडे हाती असलेल्यालाही चुकत नाही, फक्त तो टाळण्याचा मोह त्याला अधिक होतो.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: हाती आलेला शब्द वापरायचा कसा? न्यायदर्शनात आप्ताचे वचन प्रमाण मानले आहे, आणि वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. या कसोटीवर, लोक ‘अमृत कोकम’ अधिक शोधतात म्हणून आगळाच्या बाटलीला त्या नावाने पुढे करणारा उत्पादक आप्त ठरत नाही. उलट, आगळ आणि अमृत कोकम यांत फरक काय, हे सांगण्यासाठी दोन्ही शब्द वापरणारा ठरतो. शब्द दोघांनीही लोकांकडूनच घेतलेला असतो.

रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात, असे गुगलने सांगितले आहे. आणि मोजक्याच लोकांनी लिहिलेले शब्द सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी यादीतून गाळते. मुठेल विचारणारे थोडे असतील, तर ते याच गाळलेल्या भागात जातात. त्यांचा शब्द उत्पादकापर्यंत पोहोचतो तो बहुधा दूरध्वनीवरून, आणि तिथे ‘भेगांसाठी हवंय’ हेही सोबत सांगितलेले असते.