धरावे की सोडावे?

धरावे की सोडावे, हा प्रश्न आपल्या साधुसंतांनी घाऊक भावात सोडवून ठेवला आहे. उत्तर एकच : सोडा. बँकेत याच्या बरोबर उलट शिकवतात. किल्ली धरा, व्हाउचर धरा, आणि थकलेला कर्जदार दिसला तर त्याला आधी धरा. बी.कॉम. झाल्यापासून मी या दुसऱ्या संप्रदायाचा. पण घरात विजेवर चालणारी सायकल आली आणि तत्त्वज्ञानाचा ताळेबंद पुन्हा मांडावा लागला.

सायकल तशी गुणी. मोटार 250 वॉटची, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आतला. त्यामुळे लायसन नको, नंबरप्लेट नको. शिवाय आम्ही चंद्रपूरकर. वीज आमच्या शेजारीच तयार होते, आणि तिची राख दोरीवरच्या कपड्यांवर घरपोच मिळते. मोटार पंचविसाला जोर द्यायचं थांबवते, पण उताराने कायदा वाचलेला नसतो. मूल रस्त्यावर एका पुलाच्या उतारावर काटा पस्तिसाकडे गेला आणि हँडल थरथरू लागलं. आधी बारीक, मग अंगात आल्यासारखं. चैत्रात महाकालीच्या जत्रेत माणसांच्या अंगात आलेलं मी पाहिलं आहे. सायकलच्या अंगात येतं हे नवीन होतं. दोन्ही बाजूंना जंगल. तिथे उतरून नट तपासत बसायचं, तर वाघाचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं. सुदैवाने उतार संपला आणि देवी शांत झाली.

जटपुरा गेटकडच्या मिस्त्रीने सायकल उलटी केली. हँडलचा कोन ढिला, चाकाला आऊट, आणि मागे बॅटरीच्या ओझ्यावर आमची किराण्याची पिशवी. सगळं नीट करून तो म्हणाला, ‘‘पुन्हा असं झालं तं हांडल आवळू नका जी. हात ढिले ठेवा, गुडघ्यानं दांडा दाबा, अन् मागचा ब्रेक हळूहळू.’’

यात शास्त्र आहे. चाक जरा उजवीकडे जातं, परत येताना मध्यावर न थांबता डावीकडे जातं, आणि एका सेकंदात हे पाच-सात वेळा होतं. माणसाचा मेंदू तेवढ्या वेगाने उत्तर देऊ शकत नाही. आमची फाइल तर नाहीच नाही. ताठ झालेले हात स्प्रिंगसारखे प्रत्येक धक्का परत पाठवतात. मांडीचं मांस मात्र तो पचवतं. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम चालवता न येणारी सायकल बांधायला घेतली होती. चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम मारायला त्याने पुढे उलटं फिरणारं जादा चाक बसवलं. तरी ती चालवता आलीच, असं त्याने 1970 साली लिहून ठेवलं. म्हणजे तोल सांभाळायची अक्कल सायकलला थोडीफार असतेच.

आता कुणी म्हणेल, बघा, शेवटी संतच खरे! अजिबात नाही. हात पूर्ण सोडून चालवणाऱ्यांनाच ही थरथर पुष्कळदा भेटते. हँडल सोडून उतारावर अनासक्त होणाऱ्याला पुढचा उपदेश हाडांचा डॉक्टर करतो. मिस्त्रीने ‘सोडा’ म्हटलंच नव्हतं. धरायची जागा बदला, एवढंच म्हटलं होतं. आणि हे मला तरी कुठल्या प्रवचनात ऐकायला मिळालं नाही.

मला हे सुचायला कारण आहे. मोठीला नोकरी लागली, ती भामरागडला. नकाशात ते गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, ही बातमी आम्ही दर पावसाळ्यात चहाबरोबर वाचत आलो. आता ती बातमी आमच्या घरची होणार. ही म्हणते, ‘‘बदलीसाठी कुणाला तरी भेटा.’’ मुलगी म्हणते, ‘‘बाबा, भेटलात तर मी बोलणार नाही.’’

मुलीच्या बाबतीत हँडल कोणतं ते मला नीट कळतं. दांडा कुठे असतो, तेच सापडत नाही. तूर्त एक चांगली छत्री, टॉर्च, महिनाभर पुरेल इतकं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आहे. फोन आठवड्यातून दोनदा ठरला. मी रोज म्हटलं होतं, तिने एकदा. तीन तास घासाघीस चालली.