पाहुण्याच्या हातचं पुरण

आमच्या हापिसाच्या क्रिकेट टीममध्ये मी तिसऱ्या नंबरावर खेळायला जात असे, हे वाक्य मी वर्षातून निदान चार वेळा उच्चारतो, आणि दर वेळी आमची सौ. आत जाऊन गॅस बंद आहे का ते पाहून येते. गॅस बंदच असतो. त्या वाक्यात एक चूक आहे, ती तिने कधी चारचौघांत दाखवली नाही हा तिचा मोठेपणा. 'जात असे' नव्हे. 'जात होतो, १९८३ पर्यंत'. त्या साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक आणला आणि देशातल्या यच्चयावत साहेबांना आपापल्या हापिसाची टीम सुधारावीशी वाटू लागली. आमच्या साहेबांनी खेळाच्या कोट्यातून एक पोरगा आणला. कागदोपत्री तो आवक-जावक विभागातला कारकून. आवक त्याची झाली, जावक माझी.

तिसरा नंबर त्याला मिळाला. मला बारावा गडी करून पाण्याची बादली देण्यात आली. त्याच हंगामात रेशीमबागेच्या मैदानावर आम्ही हापिसा-हापिसांच्या स्पर्धेतली ढाल जिंकली. ग्रुप फोटोत मी आहे. म्हणजे माझा डावा खांदा आहे. बाकीच्या मला ढालीने झाकलं आहे.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात पिंगा घालतो. तो आला म्हणून टीम वर गेली, की टीम वर जायचीच होती आणि हा गृहस्थ नेमका त्या वेळी लिफ्टमध्ये उभा होता? गाडी इंजिन ओढतं हे मलाही मान्य आहे. पण उतारावर डबेच इंजिनाला ढकलत असतात, ते कोण पाहतो? आणि चढ कुठे संपला नि उतार कुठे लागला हे डब्यात बसलेल्याला कळावं कसं?

माझा भाचा अमेरिकेत असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि तब्येतपाण्याचं झालं की तो बास्केटबॉलवर घसरतो. त्याचं म्हणणं, माझ्या प्रश्नाची तड क्रिकेटात लागायची नाही. अकरा जणांत एक म्हणजे नऊ टक्के माणूस. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच असतात. एक माणूस म्हणजे वीस टक्के, आणि चेंडू सारखा त्याच्याच हातात. "तिथला हिशेब घ्या, मामा," तो म्हणाला. मायकेल जॉर्डन असताना १९९२-९३ मध्ये शिकागोने साखळीतल्या ८२ पैकी ५७ सामने जिंकले. मग जॉर्डन खेळ सोडून गेला. पुढच्या वर्षी, त्याच्याशिवाय, किती? ५५!

मला इतका आनंद झाला की मी फोन तसाच धरून सौ.ला हाक मारली. जगातला सर्वांत मोठा खेळाडू, आणि त्याची किंमत दोन सामने! या दराने आमचा आवक-जावकवाला म्हणजे पाव सामनासुद्धा नव्हता. सौ. गॅस पाहायला गेली.

पुढच्या रविवारी भाच्याने उरलेला हिशेब सांगितला. जॉर्डनच्या ५७ विजयांनंतर शिकागोला अजिंक्यपद मिळालं होतं. त्याच्याशिवायच्या ५५ नंतर ते दुसऱ्या फेरीत गारद झाले. आणि लब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून गेला तेव्हा ६१ विजयांवरून तो संघ एका वर्षात १९ वर आला. "बेचाळीस सामन्यांचा माणूस, मामा!" मी म्हटलं, "अरे, त्याच वर्षी त्यांनी प्रशिक्षकही बदलला होता, हे तूच मागे बोलला होतास." तो म्हणाला, "हो, पण..." या 'पण'ला उत्तर नाही. जे वर्ष तो खेळला तेच वर्ष त्याच्याशिवाय पुन्हा खेळून पाहता आलं असतं तर निकाल लागला असता. तशी सोय अमेरिकेतही नाही.

पण शिकागोला जायचं कारण काय? हा वाद आमच्या नागपुरात घरोघरी झालेला आहे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो. पहिली साठ वर्षं करंडकाने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नियमानुसार बाहेरगावचे काही खेळाडू घेता येतात. कागदावर त्यांना प्रोफेशनल म्हणतात, आम्ही पाहुणे म्हणतो. बद्रीनाथ येऊन गेला, गणेश सतीश कर्नाटकातून आला, आणि मग आला मुंबईचा वसीम जाफर. २०१७-१८ ला चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून करंडक आमचा झाला. पुढच्या साली जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून पुन्हा आमचाच.

"जाफर नसता त कप आला असता का भाऊ? सांगा बरं!" आमचे साडभाऊ तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, भरल्या तोंडाने. माणूस सज्जन आहे, पण मोठ्या नावाला भुलतो. मी पाठ केलेले आकडे काढले. त्या पहिल्या हंगामात विदर्भाच्या सर्वाधिक धावा कोणाच्या? कप्तान फैज फझलच्या, ९१२. अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक कोणाची? रजनीश गुरबानीची, आणि तो इंजिनियरिंग शिकलेला पोरगा. शतक कोणाचं? अक्षय वाडकरचं, १३३. जाफरच्या त्या डावात ७८. साडभाऊ म्हणाले, "अन् विजयी चौकार कोणाचा? अन् जाफर दहा फायनली खेळला, दहाच्या दहा जिंकला. हे कसं काय?" मी हुकमाचं पान टाकलं. २०१९-२० ला तोच जाफर, तेच पंडित, तीच विदर्भाची टोपी. मग उपांत्यपूर्व फेरीसुद्धा का गाठता आली नाही? साडभाऊंनी डोळे पुसले. तर्रीमुळे, असं ते म्हणतात.

जिंकलो खरा, पण रात्री झोप लागेना. कारण २०१७ चा कोलकात्याचा उपांत्य सामना आठवला. कर्नाटकाच्या करुण नायरने १५३ केले आणि तरी कर्नाटक पाच धावांनी हरलं. हा पुरावा माझ्या बाजूचा. पण विदर्भाच्या दुसऱ्या डावात गणेश सतीशने ८१ केले होते, आणि तो पाहुणा. पाच धावांच्या विजयात ८१ म्हणजे काय, हे आवक-जावकच्या कारकुनालाही समजेल. साडभाऊंना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांनी कृपया हा निबंध वाचू नये.

पुढे हाच करुण नायर विदर्भाचा पाहुणा झाला, आणि २६ फेब्रुवारी २०२५ ला, ऐन महाशिवरात्रीला, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी जामठ्यावर उतरला. मी साबुदाण्याची उसळ खाऊन सकाळीच जाऊन बसलो होतो. शेजारी आमच्या वेळचा हापिसातला कॅशियर. हा आमचा सलामीचा फलंदाज. दुसऱ्या षटकाच्या पलीकडे त्याला कोणी पाहिलेला नव्हता. ढालीच्या वर्षी मात्र तो तासतासभर टिकू लागला. त्याचं कारण मी 'संसारात स्थिरावला' असं लावून घेतलं होतं.

विदर्भ ३ बाद २४. मैदान चिडीचूप. मग नायर आणि दानिश मालेवार जमले. मालेवार नागपूरचा, एकवीस वर्षांचा, पहिलाच हंगाम. दोघांनी २१५ धावा जोडल्या. षटक संपलं की दोघे मधोमध येत, काहीतरी बोलत, परत जात. मी वहीत दोन रकाने पाडून पाहुण्याच्या धावा वेगळ्या लिहीत होतो. कॅशियर वहीकडे बघून म्हणाला, "अरे, ते मधात काय बोलून राहिले, ते कोणत्या रकान्यात लिहिशील?"

मग त्याने आवक-जावकवाल्याची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांनी! "तो दर ओव्हरनंतर यायचा अन् इचारायचा, आज डब्यात काय आणलं दादा? मी म्हणायचो, भरीत. तो म्हणायचा, मले ठेवजा थोडं. बस, येवढंच. भरीत त्याच्यासाठी उरवायचं म्हणून मी लंचपर्यंत आऊटच नाही व्हायचो."

मी हसलो. मग सहज म्हणून विचारलं, "आणि मी समोर असायचो तेव्हा?"

कॅशियर बराच वेळ साइटस्क्रीनकडे पाहत राहिला. "तू ओरडायचा," तो म्हणाला. "सरळ खेळ बे, म्हणून. सगळ्या मैदानाले ऐकू जाय."

तेवढ्यात चोरट्या धावेच्या गोंधळात नायर ८६ वर धावबाद झाला आणि सगळे उठून उभे राहिले, तेव्हा मला बोलावं लागलं नाही. त्या अंतिम सामन्यात त्या पाहुण्याने ढालीच्या वर्षी केल्या होत्या अकरा धावा. त्या अकराच्या जोरावर मी चाळीस वर्षं त्याला तुच्छ लेखत आलो. कॅशियरच्या टिकून राहण्याचं श्रेय मी त्याच्या बायकोला देऊन मोकळा झालो होतो. पाहुण्याने टीम किती उचलली हे मला अजून मोजता येत नाही. पण मी तिच्यावर किती वजन ठेवलं होतं याचा थोडा अंदाज त्या दिवशी आला. तरी हेही खरं, की बादली मी उचलत होतो आणि ती भरलेली असे. दुसऱ्याला जागा करून देणाऱ्यासाठी कोणत्याच वहीत रकाना नसतो.

मालेवारने १५३ केले. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आमच्याकडे आला. दुसऱ्या डावात नायरच्या १३५. पण हंगामात सगळ्यांत जास्त धावा यश राठोडच्या, ९६०, आणि ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला हर्ष दुबेने, दोघेही घरचे. म्हणजे वाद जिथल्या तिथे. त्यातून केरळाकडून ७९ धावा काढून आम्हाला घाम फोडला कोणी? आदित्य सरवटेने. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन आम्हाला करंडक देणारा आमचा आदित्य. आता तोच केरळाचा पाहुणा, आणि केरळ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत! साडभाऊ म्हणाले, "पाहा भाऊ, आपला पोरगा गेला अन् केरळ वर आलं." तेवढ्यापुरतं मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

हे सगळं मी सौ.ला सांगितलं ते भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री. आमच्याकडे महालक्ष्म्यांना दर वर्षी माझी थोरली बहीण अमरावतीहून येते आणि तीन दिवस स्वयंपाकघराचा ताबा घेते. पुरण ताईंच्या हातचं, असा आमच्या गोतावळ्यात लौकिक आहे. त्या तीन दिवसांत सौ. स्वतःच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे आहे हे विचारत फिरते. यंदा ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती आली नाही. सौ. पहाटे चारला उठली. डाळ शिजवली, गूळ घातला, पुरण वाटलं, जायफळ किसलं. ताईचा एक फोन आला होता म्हणे. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही.

पंगत बसली. साडभाऊंनी पुरणपोळीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! ताईंच्या हातची चव म्हणजे चवच. काही म्हणा!"

सौ.च्या हातात तुपाची वाटी होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि बोलायची पाळी माझी आहे हे मला स्पष्ट कळत होतं. पण त्या फोनमध्ये काय झालं होतं, हे मला कुठे ठाऊक होतं? माझ्याकडे पाणी वाढायचं काम होतं. मी साडभाऊंचं पेलं भरलं. ते भरलेलंच होतं.