आधी सगळे आठ

मुरबाडच्या बाजारपेठेत सकाळी शटर वर जातं, देवाला उदबत्ती लागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं बटण दाबलं जातं. बऱ्याच काट्यांवर आधी क्षणभर सगळीकडे आठ उमटतात, मग शून्य येतं. गिऱ्हाईक त्या आठांकडे बघत नाही, त्याला शून्याची घाई असते. मला ते आठ फार मोलाचे वाटतात. छोटा रोबो बनवणाऱ्या मुलांना त्याचं कारण लवकर कळेल.

दोन चाकांचा रोबो, त्यावर आर्डुइनो, समोरचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि ते अंतर दाखवायला सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. इंग्रजी आकडा सात पट्ट्यांत बसवलेला, ए पासून जी पर्यंत. प्रत्येक पट्टीमागे एलईडी, तिच्या वाटेवर २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर. प्रोग्रॅममध्ये दहा आकड्यांचा तक्ता: एकसाठी बी आणि सी, सातसाठी त्यात ए ची भर, आठसाठी सातही पट्ट्या. डिस्प्ले कॉमन अ‍ॅनोडचा असेल तर सगळं उलटं, शून्य दिलं की पट्टी पेटते आणि एक दिला की विझते. इथवर मुलं सहज पोचतात.

आता आठातली मधली पट्टी मेली तर? शून्य दिसतं. वरची उजवी गेली तर सहा, खालची डावी गेली तर नऊ. सातची वरची आडवी पट्टी गेली की उरतो एक. यांतला एकही आकडा तुटका दिसत नाही, प्रत्येक जण खराच वाटतो. सेन्सरने नीट मोजलं, प्रोग्रॅमने हिशेब चोख केला, तरी वाचणाऱ्याच्या हाती खोटं पडलं. आणि रोबोला त्याचा पत्ताच नाही! त्याने पिनवर वीज सोडली की त्याच्या लेखी काम संपलं. पट्टी खरंच पेटली का, हे त्याला कळवणारी तार या साध्या जोडणीत नसते. तिथे माणसाचाच डोळा लागतो.

म्हणून प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये, बाकी काही करण्याआधी, एक सेकंद सगळ्या पट्ट्या पेटवायच्या. आणि माझा आग्रह असा की त्यानंतर एक सेकंद सगळ्या विझवायच्याही. कुठेतरी शॉर्ट होऊन मधली पट्टी कायमची पेटून राहिली, तर शून्याचा आठ होतो, आणि नुसत्या आठांच्या चाचणीत हा दोष सापडत नाही. आकडा वाचताना विझलेल्या पट्टीवरही आपण तेवढाच भरवसा टाकलेला असतो.

शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख. झोडणी उरकली की पोती काट्यावर चढतात. पोतं ४८ किलोचं आणि आठाची मधली पट्टी मेलेली असेल, तर काटा ४० दाखवील. वैधमापनशास्त्राचा शिक्का असेल, आतलं माप अचूक असेल, लबाडी कुणाचीच नसेल, आणि शेतकऱ्याचं आठ किलो भात गेलेलं असेल. ज्या मुलीने आपल्या रोबोसाठी ती दोन सेकंदं लिहिली आहेत, ती बापाबरोबर तिथे उभी असली, तर पहिलं पोतं चढण्याआधीच म्हणेल, "काका, काटा एकदा बंद करून चालू करा ना."