उतार हरवलेली नदी

यांगत्सेच्या तीन घळी बुडणार आहेत, त्याआधी पाहून घ्या, असा गाजावाजा १९९०च्या दशकात जगभरच्या ट्रॅव्हल कंपन्यांनी केला होता. निरोपाच्या सहली निघाल्या, जहाजं भरभरून गेली. २००३ साली धरणाचं पाणी चढायला लागलं, २०१० साली ते १७५ मीटरच्या खुणेला टेकलं, आणि घळी जागच्या जागी राहिल्या. छूथांग घळीच्या तोंडाशी ख्वेमन नावाची दगडी वेस आहे. चीनच्या दहा युआनच्या नोटेमागे छापलेली ती हीच. तिच्या दोन्ही अंगांचे डोंगर हजार मीटरहून उंच. पायथ्याची शंभरेक मीटर उंची पाण्याने गिळली तरी ते बघायला मान तेवढीच मागे टाकावी लागते. वू घळीतलं देवीचं शिखर ढगात असायचं तसंच असतं. म्हणजे देखावा वाचला. गेला तो नदीचा उतार. तो कुठल्या जाहिरातीत नव्हता, आणि फोटोत तर येणारच नव्हता.

चोंगछिंगपासून यीछांगपर्यंत नदीने साडेसहाशे किलोमीटर जावं आणि तेवढ्यात सुमारे १२० मीटर खाली उतरावं, असा इथला हजारो वर्षांचा हिशेब होता. त्यातले शेवटचे दोनेकशे किलोमीटर या तीन घळींचे. छूथांग सगळ्यांत आखूड, जेमतेम आठ किलोमीटर, पण सगळ्यांत अरुंद, मग वू, मग शीलिंग, सगळ्यांत लांब आणि बोटी फोडण्यात सगळ्यांत कुप्रसिद्ध. आज या वाटेवर क्रूझच्या डेकवर उभं राहिलं तर जहाज चाललं आहे हे काठाकडे बघूनच कळतं. हातातल्या चहाच्या पेल्यावर लहरसुद्धा उठत नाही. खाली चाललो आहोत की वर, हे तर काठाकडे बघूनही कळत नाही, आणि मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. कारण या नदीवर वर जाणं आणि खाली येणं या दोन गोष्टी कधीच सारख्या नव्हत्या. चिनी कवितेचा एक मोठा ऐवज त्या फरकावर उभा आहे.

कवी ली बाय इ. स. ७५९ मध्ये वर चालला होता. एका राजपुत्राच्या बंडात सापडल्यामुळे त्याला नैर्ऋत्येच्या दूर मुलखात हद्दपार केलं होतं. वय साठीला आलेलं. घळींमधून वर चढताना त्याने जी कविता लिहिली तिच्यात तोच डोंगर तीन दिवस नि तीन रात्री मागे पडत नाही. बायदीछंगपाशी पोचल्यावर माफीचा हुकूम आला. मग त्याने बोट वळवली आणि खाली येताना चार ओळी लिहिल्या, ज्या आज चीनमधल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात: सकाळी निघून एका दिवसात शेकडो मैलांवरचं ज्यांगलिंग गाठल्याच्या, काठावरच्या गिबन माकडांचा आवाज थांबायच्या आत बोट घळींतून सुटल्याच्या. लोक त्या कवितेत वेग वाचतात. पण तो वेग सुटका झालेल्या माणसाचा आहे. नदी त्याच्या बाजूने वाहत होती, एवढंच. (गिबन आता या घळींत एकही उरलेला नाही. त्यात धरणाचा दोष नाही. त्यांची जंगलं त्याच्या कितीतरी आधी गेली.)

त्यानंतर सात वर्षांनी दू फू आला, वरून खाली, घरी जायला निघालेला, आणि बायदीछंगच्या शेजारी ख्वेचौला अडकून पडला. आजारी होता, पैसे नव्हते. ७६६ ते ७६८ या काळात त्याने तिथे चारशेहून जास्त कविता लिहिल्या. त्याच्या उपलब्ध कवितांतला हा पाव भागाहून मोठा हिस्सा. त्याच्या दाराखालून नदी रोज त्याच्या घरच्या दिशेने चालली होती आणि तो काठावर बसून होता. अशा जागी अशा माणसाकडून कविता होणारच, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. अडकून पडणारे पुष्कळ असतात. अखेर तो उतरला, पण घरी पोचला नाही. ७७० साली वाटेतच गेला.

दक्षिण सोंग काळातल्या दोन प्रवाशांच्या रोजनिश्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. लू यौ ११७० साली ख्वेचौला दुय्यम अधिकारी म्हणून रुजू व्हायला समुद्राकडून वर निघाला. पाच महिने लागले. देवळं, शिलालेख, कुठल्या गावात काय महाग, सगळं तो सावकाश टिपतो, कारण बोट त्याला तेवढा वेळ देते. त्याचा मित्र फान छंग्दा ११७७ साली बदली होऊन वरून खाली आला, तेही पाणी चढलेल्या दिवसांत. त्याच्या लिखाणात छूथांगच्या तोंडाशी डोंगरावर उभे केलेले शिपाई आहेत, हातात निशाण घेतलेले. एक बोट सुखरूप पार झाली की निशाण हलायचं आणि मग पुढची सोडायची. वर जाणाऱ्याला वेळ मोजावा लागे, खाली येणाऱ्याला जीव. दोघांच्या गद्याची चालसुद्धा त्यामुळे वेगळी झाली आहे.

अर्थात लू यौची बोट आपोआप वर चढत नव्हती. ती ओढली जात होती, आणि ओढणाऱ्यांनी रोजनिश्या लिहिल्या नाहीत. वेळूच्या चिरफळ्या विणून केलेला शेकडो हात लांबीचा दोर, खांद्यावरून छातीवर आडवा घेतलेला पट्टा, आणि कड्यात जेमतेम माणूस वाकून जाईल एवढी खोदलेली वाट. खळाळाच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून बोटीवर नगारा वाजवून दोरकऱ्यांना कधी ओढायचं, कधी सोडायचं हे सांगत. मोठ्या गलबताला अवघड जागी शेकडो माणसं लागत. ताणलेला दोर ज्या कोपऱ्यांवर घासायचा तिथे दगडात बोटभर, कुठे त्याहून खोल चऱ्या पडल्या होत्या. जात्याच्या पाळीला टाकीने पाडाव्यात तशा सरळ, एकाशेजारी एक. त्या कोणी खोदल्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ओढत राहिली आणि दोराने दगड कापला. त्यातले बहुतेक दगड आता पाण्याखाली आहेत, थोडे उचलून संग्रहालयांत ठेवले आहेत. दोरकऱ्यांची गाणी २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली आणि आता मंचावर होतात. गाणाऱ्यांच्या खांद्यावर तेव्हा दोर असतो, पण पलीकडे ओढायला काही नसतं.

हे हळहळीने लिहिणं सोपं आहे. पण दोरकऱ्याच्या नातवाला विचारलं तर तो त्या कामाला परत जाईल असं मला वाटत नाही. नदीचा उतार ही कवीची दौलत होती आणि दोरकऱ्याची पाठ मोडणारी गोष्ट होती. एकाच पाण्याबद्दलची ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत.

शीलिंगमध्ये खोंगलिंग नावाची जागा होती. खडकांच्या गर्दीत मधोमध एक मोठा खडक, आणि त्यावर कोरलेली अक्षरं: माझ्याकडे ये. वरून येणाऱ्या नावाड्याने खडक टाळायला सुकाणू वळवलं तर प्रवाह त्याला बाजूच्या दगडांवर नेऊन आपटे. नेम धरून थेट त्या खडकावरच बोट घातली तर खडकाला थडकून परतणारं पाणीच ऐनवेळी नाळ बाजूला सारत असे. हे समजणं वेगळं आणि त्या क्षणी सुकाणू सरळ धरून ठेवणं वेगळं. डिसेंबर १९०० मध्ये एक जर्मन आगबोट याच खोंगलिंगला फुटून बुडाली. पुढे नव्या कम्युनिस्ट राजवटीने जलमार्ग सुरक्षित करण्यासाठी सुरुंग लावून असे खडक काढले. छूथांगच्या तोंडाशी असलेला यान्यू खडकही १९५०च्या दशकाच्या अखेरीस गेला. त्याच्यावरून शतकानुशतकं नावाडी पाणी जोखत. खडक हत्तीएवढा दिसला तर वर जाऊ नये, घोड्याएवढा दिसला तर खाली येऊ नये, अशी त्यांची कोष्टकं होती. तेव्हा उताराची धार बोथट करण्याचं काम धरणाच्या पुष्कळ आधी सुरू झालं होतं.

या घळींतून वर गेलेल्यांत दोन मराठी माणसंही आहेत. १९३८च्या शरदात काँग्रेसने पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक वुहानहून यीछांगला आणि तिथून चोंगछिंगला गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. आपल्याकडे कोटणीसांची कथा येनानच्या डोंगरांत सुरू होते, शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे तीच मनात बसली आहे. पण तिथे पोचण्याआधी ही वाट होती, आणि ती कुठल्या दिवसांत होती ते पाहण्यासारखं आहे. जपानी फौजा नदीने वर सरकत होत्या. यीछांगच्या धक्क्यांवर सुमारे एक लाख टन यंत्रसामग्री उघड्यावर पडून होती, कारखान्यांचे कारखाने, आणि हिवाळ्यात पाणी उतरलं की मोठी जहाजं घळींत चालणार नव्हती. हाती होते ४० दिवस. मिन्शंग कंपनीचे लू झ्वोफू यांनी तोड काढली. सगळं सामान चोंगछिंगपर्यंत न्यायचंच नाही. बरंचसं मधल्या धक्क्यांवर उतरवून जहाजं लगेच परत फिरवायची. बहुतेक सगळं सामान वाचलं. चीनचा युद्धकाळातला उद्योग या उताराच्या माथ्यावर जाऊन बसला आणि जपानी फौजेला शेवटपर्यंत तो उतार चढून जाता आला नाही. खालून येणाऱ्याला रोखणारी नदी हीसुद्धा एक तटबंदी असते.

धरणाची कल्पना सन यत्-सेन यांनी १९१९ सालीच मांडली होती. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: बोटी वर जाव्यात आणि वीज मिळावी. एप्रिल १९९२ मध्ये प्रस्ताव चीनच्या संसदेत आला तेव्हा १७६७ मतं बाजूने, १७७ विरोधात, आणि ६६४ प्रतिनिधी तटस्थ राहिले. ज्या सभागृहात हात एकदिलाने वर जायची सवय, तिथे हा आकडा म्हणजे गोंगाटच. १२ लाखांहून अधिक माणसं हलवली गेली. फंगच्येचं जुनं शहर, म्हणजे दू फूचं ख्वेचौ, पाडून टाकलं. दिग्दर्शक ज्या झांग्के यांचा २००६चा ‘स्टिल लाइफ’ हा चित्रपट त्या पाडापाडीतच घडतो, आणि त्यात एक मजूर दहा युआनची नोट समोर धरून ख्वेमन तिच्याशी ताडून बघतो. दुसरीकडे, १९५४च्या पुरात यांगत्सेच्या खोऱ्यात ३०,०००हून अधिक माणसं मेली होती. हेही त्याच वहीत लिहून ठेवायला हवं.

धरणाची जागा निवडली सानदौफिंगला, शीलिंगच्या मध्यावर, जिथे चुनखडीचे कडे संपून खालचा ग्रॅनाइट वर येतो आणि दरी रुंद, साधी होते. कड्यांचं वेड असलेला प्रवासी जिथून पुढे सटकेल नेमकी तीच जागा इंजिनिअरांना भावली.

उतार नाहीसा झाला असं मी म्हणतो ते तितकंसं बरोबर नाही. तो गोळा करून एका जागी ठेवला आहे. साडेसहाशे किलोमीटरभर पसरलेली सगळी घसरण आता सव्वादोन किलोमीटर लांबीच्या एका भिंतीशी आहे, आणि २२,५०० मेगावॅट क्षमतेची यंत्रं तिच्यावर फिरतात. ज्याच्याशी दोरकरी छातीने भांडत होते त्याचं आता युनिटमागे बिल होतं. जहाजांना मात्र ती घसरण अजूनही उतरावी लागते, पाच पायऱ्यांच्या जलपाशातून. बऱ्याचदा ते रात्री होतं. मागचा पोलादी दरवाजा मिटतो, आणि कठड्यावरून हात लांब केला तर लागेल इतक्या जवळची काँक्रीटची भिंत वर सरकायला लागते. कोरडी, मग ओली, मग शेवाळलेली. दोरखंड अडकवलेले खुंट भिंतीतल्या खोबणीत पाण्याबरोबर खाली येताना करकरतात. तीनेक तासांत ली बायचा सगळा प्रवास उरकतो. प्रवासी बहुधा झोपलेले असतात.

आणि बाहेर मालवाहू जहाजांची रांग असते. या पायऱ्यांवरून २०३० साली जेवढा माल जाईल असं गृहीत धरलं होतं, तेवढा २०११ सालीच जायला लागला. आता काही जहाजं दिवसच्या दिवस थांबतात. निशाणाऐवजी पडद्यावर नंबर लागतो.

उतारापाठोपाठ ऋतूही उलटले. पूर्वी उन्हाळ्यात नदी फुगायची, हिवाळ्यात आटायची. आता पुराला जागा ठेवण्यासाठी जूनपर्यंत जलाशय १४५ मीटरपर्यंत रिकामा करतात आणि पावसाळा सरला की भरतात. हिवाळ्यात पाणी सगळ्यांत वर. आपल्याकडे धरणाचं पाणी उतरलं की गाळपेर करतात. इथे मधला ३० मीटरचा पट्टा पुष्कळ ठिकाणी उभा कडा आहे, त्यावर काही धड उगवत नाही. याचा सगळ्यांत विचित्र परिणाम फूलिंगला झाला. तिथे पात्रात बायहलियांग नावाची दगडी धार आहे. तिच्यावर थांग काळात मासे कोरले होते. कडक हिवाळ्यात पाणी फार उतरलं की ते दिसत. दिसले की पुढचं साल पिकाचं, असा समज. आठव्या शतकापासून लोक येऊन तारीख नि पातळी शेजारी कोरत गेले, त्यात हद्दपारीतून सुटलेला कवी ह्वांग थिंग्ज्येनही, ११०० साली. बाराशे वर्षांच्या नीचांकी पाण्याची ही दगडी नोंदवही. आता हिवाळ्यातच पाणी सर्वांत जास्त. म्हणून २००९ साली तळाशी संग्रहालय बांधलं. लांबलचक सरकत्या जिन्याने उतरून जाड काचेतून मासे बघता येतात, वर्षभर, तिकीट काढून. क्वचित दिसणं हाच ज्यांचा निरोप होता, ते आता रोज दिसतात.

घळींच्या सहलीसाठी ट्रॅव्हल कंपन्या शरद ऋतू सुचवतात. पानं लाल होतात, जलाशय भरत आलेला असतो, उघडा पट्टा झाकला जातो. फोटोसाठी ते ठीकच. मला विचाराल तर जुलैचं तिकीट काढावं, तेही यीछांगहून वर जाणारं. एखादी रात्र जास्त लागते. तेव्हा जलाशय खाली केलेला असतो, त्याची शेपटी आखडते आणि फूलिंगच्या पुढे चोंगछिंगपर्यंतच्या टप्प्यात नदी पुन्हा उतारावरून येते, गढूळ, काठ खात. ऑगस्ट २०२०च्या पुरात धरणाकडे सेकंदाला ७५,००० घनमीटर पाणी येत होतं आणि चोंगछिंगच्या जुन्या बाजारपेठेत शिरलं होतं. अशा दिवसांत देखावा बेताचा असतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि चहा बशीत सांडतो.