तीस आणि तीस

मराठवाड्यातल्या एका लहानशा मेडिकल कॉलेजात, स्त्रीरोग विभागात, एक निवासी डॉक्टर होती. हुशार, कष्टाळू, आणि निवासी डॉक्टर असतात तशी कायम झोपेला आसुसलेली. थीसिसची सिनॉप्सिस द्यायची वेळ आली तेव्हा तिने विषय घेतला: सिझरच्या आधी पोट पोव्हिडोन आयोडीनने पुसावं की क्लोरहेक्सिडीनने? कशाने टाके कमी पिकतात? विषय चांगला होता. किती बायका घेणार, या रकान्यात तिने लिहिलं, तीस आणि तीस. लायब्ररीतल्या जुन्या थीसिसमध्ये सगळ्यांनी तेवढ्याच घेतल्या होत्या.

सहीसाठी ती पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक, विभागातल्या संख्याशास्त्राच्या सरांकडे गेली. सरांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"तीसच का?"

"सगळे तेवढेच घेतात, सर. आणि शितावरून भाताची परीक्षा होतेच की."

"होते, कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो. तुझ्या बायकांचं तसं आहे का? कुणाला मधुमेह, कुणाचं हिमोग्लोबिन सात, कुणी पाणमोट फुटल्यावर दुसऱ्या दिवशी पोचलेली. बरं, आपल्याकडे शंभर सिझरमागे टाके पिकतात किती?"

तिला सांगता येईना. सर म्हणाले, "जा, मोजून ये."

ड्रेसिंगच्या खोलीतलं रजिस्टर बीटाडीनच्या डागांनी तपकिरी झालेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. कुठे नुसतं 'पू', कुठे 'पुन्हा टाके', कुठे तारीखच नाही. रात्रपाळीच्या फटीत बसून तिने वर्षभराची पानं मोजली. शंभरामागे दहाच्या आसपास आकडा आला.

"आता सांग, किती कमी झाले तर तू पद्धत बदलशील?"

"निम्मे तरी व्हायला हवेत, सर. दहाचे पाच."

सरांनी हिशेब मांडला. औषधांत फरक नसताना 'फरक आहे' अशी चुकीची हाकाटी शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा होऊ नये, आणि फरक असेल तर तो शंभरात ऐंशी वेळा तरी सापडावा, एवढी माफक अपेक्षा धरली तरी एकेका गटात सुमारे ४३५ बायका लागत होत्या.

"तुझ्या तिसांत दहा टक्के म्हणजे तीन, पाच टक्के म्हणजे दीड. दीड बाईचे टाके कसे पिकतील? एक पिकेल नाहीतर दोन. एखादी बाई इकडची तिकडे झाली की तुझा निष्कर्ष उलटा."

मुलगी हुशार होती. तिने मोबाइलवर हिशेब केला. "सर, दहाचा एकच होईल असं धरलं तर शंभर-शंभरात भागतंय!"

या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी ती हीच. आधी खाटा आणि महिने मोजायचे, आकडा ठरवायचा, आणि मग त्या आकड्यात बसेल एवढं औषध फुगवायचं. सिनॉप्सिस दिसायला अगदी शास्त्रशुद्ध दिसते.

"धर ना," सर म्हणाले, "मोबाइल काही नाही म्हणणार नाही. पण औषधात एवढा जोर आहे असं तुला स्वतःला वाटतं का?"

ती गप्प राहिली. मग सरांनी चहा मागवला आणि ते सांगायला लागले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले. संत्री-लिंबं दिली फक्त दोघांना, आणि तेवढ्यावर उत्तर दिसलं, कारण फरकच डोंगराएवढा होता. १९४८ मध्ये ब्रिटनमधली क्षयाची चाचणी छापून आली, त्यात १०७ रुग्ण. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या ५५ पैकी ४ गेले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. तिथेही शंभराच्या घरात भागलं. पण हार्ट अटॅकमध्ये अॅस्पिरिन जीव वाचवतं का, हे ठरवायला १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण घ्यावे लागले. मृत्यू शंभरात बाराच्या आसपासवरून साडेनऊच्या आसपास आले. फरक एवढाच, पण जगभरच्या रुग्णांचा विचार केला तर केवढा!

"आणि लहान चाचणीत फरक नुसता हुकतो असं नाही, नसलेला फरक दिसतोही. हार्ट अटॅकमध्ये मॅग्नेशियम द्यावं असं छोट्या चाचण्या सांगत होत्या. आयसिस-४ मध्ये ५८,००० रुग्णांवर पाहिलं, तर काहीच फायदा नाही. हे बघ, माणसं किती मिळतात यावरून संख्या ठरत नाही. तू किती बारीक फरक शोधतेस यावरून ठरते. दहाचे पाचऐवजी साडेसात होतात का, हे बघायचं असेल तर गटामागे दोन हजार लागतील. उगाच जास्तही घ्यायच्या नाहीत. उत्तर मिळाल्यावर कमी गुणाचं औषध आणखी बायकांना कशाला द्यायचं? पण संमतीपत्रावर अंगठा उठवणारी बाई समजते, की आपल्यामुळे डॉक्टरांना काहीतरी कळणार आहे. साठ जणींना तू तसं सांगणार, आणि कळणार काहीच नाही."

शिवाय गळती होतीच. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली बाई तिसाव्या दिवशी टाके दाखवायला कशी येणार? दहा टक्के गळती धरली तर दोन्ही गट मिळून ९६८. कॉलेजात महिन्याला सिझर तीसेक, हातात दीड वर्ष. गणित बसेना.

"पास व्हायचंय ना?" गाईड मॅडम म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं.

सरांनी प्रश्नच बदलायला सांगितला. "रजिस्टरात आहेत त्या परत आलेल्या बायका. गावातच पू काढून घेतलेल्या कुठे आहेत? तू प्रत्येकीला तीस दिवस फोन कर, आणि आपल्याकडे टाके नक्की किती पिकतात तेवढंच सांग. दहा टक्के, तीन टक्के इकडे-तिकडे. ३८५ पुरतील, गळती धरून ४२८." दीड वर्षात हे होण्यासारखं होतं. मॅडमनी सही केली.

मूळ प्रश्नाच्या मोठ्या चाचणीसाठी सरांनी आणखी तीन कॉलेजांना पत्रं लिहिली. दोघांचा होकार आला. तिसऱ्यांनी विचारलं, यातून आमच्या वाट्याला थीसिस किती निघतील?