आजचं चिंतन : अपैशुन म्हणजे गप्प बसणं नव्हे



गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. त्यात ‘अपैशुन’ येतं. म्हणजे चहाडी न करणं, कुणाचे दोष पाठीमागे न उगाळणं. मग ऑफिसात गैरप्रकार दिसला आणि तो आपण कळवला, तर ती चहाडी झाली का?

एक घडलेली गोष्ट बघूया. २०१४ साली मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात यादवी पेटली होती. राजधानी बांगीतल्या विस्थापितांच्या छावणीजवळ फ्रेंच सैनिक खाऊच्या बदल्यात लैंगिक शोषण करतात, असं लहान मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या लोकांना सांगितलं. हे सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली नव्हते. त्यांच्यावर कारवाई करणं फ्रान्सच्या हातात होतं. जिनिव्हातल्या मानवाधिकार कार्यालयाचे वरिष्ठ अधिकारी अँडर्स कोम्पास यांनी तो अहवाल जुलैमध्ये फ्रान्सच्या अधिकाऱ्यांना दिला. तिकडे तपास सुरू झाला. इकडे एप्रिल २०१५ मध्ये कोम्पासच निलंबित! ठपका असा, की मुलांची नावं न झाकता गोपनीय अहवाल बाहेर दिला.

नावं जपायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण डिसेंबर २०१५ मध्ये स्वतंत्र समितीने दोष दाखवला तो संस्थेचाच: मुलांकडे वेळेवर कुणी पाहिलंच नाही. जानेवारी २०१६ मध्ये कोम्पास निर्दोष ठरले. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

आता फरक बघा. चहाडी अशा कानाकडे जाते, ज्याला ती ऐकायला गोड लागते. तक्रार अशा माणसाकडे जाते, जो ते थांबवू शकतो. चहाडीत समोरच्याला खाली खेचायचं असतं, तक्रारीत कुणाला तरी वाचवायचं असतं. म्हणून कँटीनमधली कुजबुज हे पैशुन. योग्य समितीकडे दिलेला, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणारा अर्ज हे पैशुन नव्हे.

आणि गंमत म्हणजे, याच यादीत पहिला गुण कोणता? अभय! संयुक्त राष्ट्रांत नीतिमत्ता कार्यालय २००६ पासून आहे. गैरप्रकार कळवणं हे तिथे कर्तव्यच मानलंय, कळवणाऱ्यावर सूड उगवायला बंदीही आहे. तरी कोम्पास यांच्या वाट्याला हे आलं. म्हणजे अभय नुसत्या कागदावरून मिळत नाही, ते आजूबाजूच्या माणसांना द्यावं लागतं. तक्रार केलेल्या सहकाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीही डबा उघडून बसणं, हेही अभयदानच की!

आजची साधना एवढीच: एखाद्याबद्दल बोलण्याआधी स्वतःला विचारूया, हे ऐकून कुणाचं रक्षण होणार आहे? कुणाचंच नसेल, तर ओठ मिटूया. होणार असेल, तर मात्र गप्प बसून पुण्य लागत नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥