पदरमोड आणि परीक्षा

आपला ग्रंथ आपणच लिहावा, त्याच्या पानांची मांडणी आणि मुखपृष्ठ आपणच योजावे, आणि पदरचे पैसे घालून तो आपणच प्रसिद्ध करावा, या व्यवहाराकडे वाङ्मयीन जगात पूर्वापार काहीशा कीव करण्याच्या दृष्टीने पाहिले जाते. ‘पदरमोड करून काढलेले पुस्तक’ एवढे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर स्मित उमटते. जणू ज्याला कोणी विचारले नाही त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात हार घालून घेतला! आज अक्षरजुळणी संगणकावर घरबसल्या करता येते, आणि मागणी येईल तशा दहा-वीस प्रतीही छापून मिळतात. हा मार्ग इतका सुगम झाला असल्यामुळेच त्यातील नैतिक प्रश्न तपासून पाहणे अगत्याचे आहे. तो प्रश्न पैशाचा नव्हे. कोणी आपल्या पैशाने तीर्थयात्रा करतो, कोणी पुस्तक छापतो. त्यात इतरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. खरा प्रश्न असा की, ज्या व्यवहारात लेखक, प्रकाशक आणि विक्रेता या तिन्ही भूमिका एकाच मनुष्याकडे येतात, तेथे परीक्षकाची भूमिका कोणाकडे राहते?

प्रथम लेखकाची बाजू पाहू. प्रकाशक हस्तलिखित परत करतो तेव्हा त्याने पुस्तकाचा न्याय केला असे आपण समजतो. परंतु पुष्कळदा त्याने केवळ खपाचा अंदाज केलेला असतो. पंडितांच्या मंडळाचा निर्णय याहून शुद्ध असतो असेही नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. आणि ते तेथील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे नाकारले गेले, असे जोतीरावांनी पुढे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेविले. जोतीराव १८९० साली निवर्तले. ते नाटक छापून वाचकांपुढे आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यापासून एकशे चोवीस वर्षांनी! लेखकाने नेहमीच दुसऱ्याच्या पसंतीची वाट पाहावी असे म्हणणाऱ्याने या एकशे चोवीस वर्षांचा हिशेब प्रथम द्यावा. तेव्हा, आपले म्हणणे आपल्या खर्चाने जगापुढे मांडण्याचा लेखकाचा हक्क निर्विवाद आहे.

तथापि छापण्याचा हक्क मिळाला म्हणजे स्वतःची परीक्षा करण्याचा अधिकारही मिळाला, असे मात्र नव्हे. ज्याने स्वतःच्या लेखाची मुद्रिते तपासली आहेत त्याला या दोहोंतील अंतर अनुभवाने ठाऊक असते. दुसऱ्याच्या पुस्तकात निसटलेली वेलांटी आपल्याला चटकन खुपते. स्वतःच्या पानावर मात्र ती चार वेळा वाचूनही दिसत नाही. याचे कारण निष्काळजीपणा हे नव्हे. लिहिणाऱ्याच्या मनात वाक्य अगोदरच पूर्ण असते, आणि कागदावर जे आहे त्याऐवजी मनात जे आहे तेच डोळा वाचीत जातो. जी गोष्ट वेलांटीची, तीच सबंध ग्रंथाची. आपल्याला जे म्हणायचे होते ते इतक्या स्पष्टपणे आपल्याजवळ असते की, ते कागदावर उतरलेच नाही हे आपल्याला कळत नाही. लेखक अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर तो लेखक असतो म्हणूनच त्याला दुसऱ्या डोळ्यांची गरज असते.

ही गरज ओळखूनही ती खोटेपणाने भागविण्याचा मोह किती मोठा असतो, याचे उदाहरण एका थोर कवीच्याच चरित्रात आहे. जोतीरावांचे नाटक नाकारले गेले त्याच १८५५ साली अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हा आपला काव्यसंग्रह स्वखर्चाने काढला. त्यात अवघ्या बारा कविता होत्या. ब्रुकलिनमधील एका लहान छापखान्यात त्याने काही पानांचे खिळे स्वतःच्या हाताने जुळविले, पुस्तकाचे रूप स्वतः योजिले, आणि मुख्य पानावर आपले नाव न घालता समोर आपली साध्या वेषातील तसबीर तेवढी घातली. येथवरचे सारे अभिनंदनीय आहे. परंतु पुढे त्याच कवीने आपल्याच पुस्तकावर निनावी स्तुतिपर परीक्षणे लिहून नियतकालिकांत छापून आणिली. एमर्सनने त्याला एक खाजगी, गौरवपर पत्र लिहिले होते. ते त्याने परवानगीवाचून वर्तमानपत्रात जाऊ दिले, आणि १८५६ च्या आवृत्तीच्या पुठ्ठ्याच्या कण्यावर त्यातील एक वाक्य एमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटविले! व्हिटमन मोठा कवी होता, म्हणून काळाने हे त्याला क्षमा केले. पण कृत्याचे स्वरूप त्यामुळे पालटत नाही. पदरचे पैसे घालण्यात त्याने कोणालाही फसविले नव्हते. आपलाच आवाज परक्याचा म्हणून ऐकविला, तेथे त्याने वाचकाला फसविले. स्वयंप्रकाशनातील नीती-अनीतीची सीमारेषा नेमकी येथून जाते.

याच्या उलट उदाहरण थोरोचे. त्याचे पहिले पुस्तक, दोन नद्यांवरील एका आठवड्याच्या प्रवासाचे, १८४९ साली निघाले, ते खर्चाची जबाबदारी त्याने स्वतः पत्करल्यामुळे. हजार प्रती छापल्या. १८५३ साली प्रकाशकाने न खपलेल्या सातशे सहा प्रती त्याच्या घरी पाठवून दिल्या. त्या त्याने पाठीवरून माडीवर वाहून नेल्या, आणि आता आपल्या ग्रंथसंग्रहातील बहुतेक पुस्तके आपणच लिहिलेली आहेत, अशी स्वतःची थट्टा रोजनिशीत लिहून ठेविली. छपाईचे कर्ज त्याने स्वतः फेडले. विशेष हे की, ‘वॉल्डन’ हा त्याचा दुसरा ग्रंथ पहिल्याच्या मागोमाग निघायचा होता. तो पहिल्याच्या अपयशामुळे अडला, आणि त्या अवधीत थोरोने तो पुनःपुन्हा लिहून काढला. १८५४ साली तो प्रसिद्ध झाला, आणि आज थोरोचे नाव आहे ते त्या ग्रंथामुळे. माडीवरील गठ्ठ्यांनी त्याला गप्प बसविले नाही; पण त्यांना त्याने निरुपयोगीही ठरविले नाही. जगाच्या थंडपणात द्वेष किती आणि न्याय किती, हे ज्याचे त्याने निवडायचे असते.

परंतु सारा दोष लेखकाच्या माथी मारून मोकळे होणे हेही न्यायाचे नाही, आणि येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझे एक वडीलधारे स्नेही जन्मभर शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या शंभराहून अधिक कवितांचे पुस्तक काढण्याचे ठरविले. कागद, टाइप, पानाभोवतीचा समास, सारे त्यांनी हौसेने निवडले, आणि ‘तुम्ही दोन शब्द लिहा’ म्हणून हस्तलिखित माझ्यापुढे ठेविले. त्यातील वीस-बावीस कविता खरोखरच सुंदर होत्या, उरलेल्या नव्हत्या. त्यांचा उत्साह मोडवेना, म्हणून मी एका रात्रीत चार पाने गोड गोड प्रस्तावना लिहून दिली. समारंभ झाला, शाल-नारळ झाले. काही वर्षांनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा खाटेखाली पुस्तकांचे गठ्ठे होते. त्यांनी मला शांतपणे विचारले, “खरे सांगा, तुम्हांला त्यातल्या किती आवडल्या होत्या?” मी म्हटले, “वीसेक.” ते म्हणाले, “मग तेवढ्याच छापल्या असत्या. तेव्हा का नाही सांगितलेत?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पैसे त्यांचे गेले. पण वीस चांगल्या कविता शंभर कवितांखाली पुरल्या गेल्या, ही हानी अधिक मोठी, आणि ती माझ्या भिडस्तपणाने केली. व्हिटमनने आपली स्तुती स्वतः लिहिली; मी ती दुसऱ्यासाठी लिहून दिली, एवढेच. वाचकाची फसवणूक दोन्हीकडे सारखीच.

म्हणून ज्यांना आपले पुस्तक स्वतः काढायचे असेल त्यांनी ते खुशाल काढावे. कागद चांगला वापरावा, समास मोकळा ठेवावा, पानाची मांडणी स्वतःच्या रुचीने करावी. मात्र छापखान्याची पायरी चढण्यापूर्वी एक असा माणूस शोधावा की ज्याला आपली भीड नाही, हस्तलिखित त्याच्या हाती द्यावे, आणि तो जे बोलेल ते रात्रभर तरी मनात राहू द्यावे. ते मानलेच पाहिजे असे नाही; ऐकले मात्र पाहिजे. आणि ज्याच्या हाती असे हस्तलिखित येईल त्याने हे लक्षात ठेवावे की, समोरच्याने आपल्याकडे शब्द दोनच मागितलेले असतात. ते खरे असावेत.